चाकातील हवा : योग्य दाब कसा ठरवावा?

निवासी शाळेतील विद्यार्थ्यांच्या वाट्याला प्रवास अधिक येतो. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा, दिवाळीच्या सुट्टीला जाताना व परतताना, आणि वार्षिक परीक्षा संपल्यावर, असे वर्षातून चार लांबचे प्रवास तरी प्रत्येकास घडतात. कोणी एस.टी.ने येतो, कोणी गावातील पाच-सहा कुटुंबांनी मिळून ठरविलेल्या जीपमधून, तर कोणाला वडील किंवा मामा पेटी-वळकटीसह मोटारसायकलवरून आणून सोडतात. पालक निघण्यापूर्वी डिझेल, पेट्रोल व ब्रेक पाहतात. चाकांतील हवा मात्र डोळ्यांनी पाहून किंवा टायरला लाथ मारून अजमावली जाते. टायर पार बसलेला दिसेपर्यंत त्याच्याकडे लक्ष जात नाही, आणि तो बसलेला दिसतो तेव्हा फार उशीर झालेला असतो.

या स्मरणिकेसाठी काही अभ्यासपर लिहावे असे ठरले, तेव्हा आम्ही हाच विषय निवडला. आमचे अनेक माजी विद्यार्थी आज चालक आहेत, गॅरेजमध्ये काम करतात, किंवा कर्ज काढून घेतलेल्या टेंपोचे मालक आहेत. आजच्या विद्यार्थ्यांपैकीही पुष्कळांच्या हाती चार-सहा वर्षांत वाहन येईल. त्यांना वर्गात शिकविलेले वायूंचे नियम, दाब, क्षेत्रफळ व घर्षण या सर्व गोष्टी एका टायरमध्ये एकत्र आलेल्या सापडतील.

"टायरमध्ये हवा किती ठेवावी?" या प्रश्नाला सर्वसाधारणपणे तीन उत्तरे मिळतात. पहिले उत्तर, टायरवर लिहिली आहे तेवढी. दुसरे, सगळेजण ठेवतात तेवढी. तिसरे, उन्हाळ्यात हवा फुगते, म्हणून दोन-चार आकडे कमी. ही तिन्ही उत्तरे चुकीची आहेत आणि त्यांतील तिसरे सर्वांत घातक आहे. ते का, हे समजून घेण्यासाठी आपण मुळापासून सुरुवात करू.

१. भार कोण उचलतो?

हवा भरलेल्या चाकाची कल्पना रॉबर्ट विल्यम थॉम्सन यांनी १८४५ मध्ये इंग्लंडमध्ये एकस्व घेऊन मांडली. परंतु ती व्यवहारात रुजली नाही. पुढे १८८८ मध्ये बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवेचे टायर तयार केले आणि तेथून या शोधाचा प्रसार झाला. त्यांचेच नाव आपल्याकडे टायरच्या बैलगाडीलाही चिकटले.

टायरचे रबर, दोरे व तारा मिळून एक मजबूत पिशवी होते. त्या पिशवीत कोंडलेल्या हवेचा दाब वाहनाचे बहुतांश वजन पेलतो. टायर जमिनीला जेथे टेकतो त्या भागाला आपण टेकण म्हणू. दाब म्हणजे एकक क्षेत्रफळावरील बल, हे विद्यार्थ्यांना ठाऊक आहेच. म्हणून

टेकणाचे क्षेत्रफळ = चाकावरील भार ÷ हवेचा दाब

असे ढोबळमानाने म्हणता येते. टायरच्या बाजूच्या भिंतींचा ताठपणाही थोडा भार घेतो, त्यामुळे प्रत्यक्षातील उत्तर किंचित वेगळे येते. परंतु दिशा कळण्यास हे सूत्र पुरेसे आहे.

एक उदाहरण घेऊ. एका मोटारीचे वजन १,२०० किलोग्रॅम आहे व ते चारही चाकांवर सारखे वाटले गेले आहे असे मानू. प्रत्येक चाकावर ३०० किलोग्रॅम भार येईल. टायरमध्ये ३२ पी.एस.आय. हवा आहे. पी.एस.आय. म्हणजे एका चौरस इंचावर इतके पौंड. हेच माप मेट्रिक पद्धतीत सांगायचे तर १४.२ पी.एस.आय. म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर १ किलोग्रॅम भार. म्हणून ३२ पी.एस.आय. म्हणजे सुमारे २.२५ किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर. ३०० ला २.२५ ने भागले असता १३३ चौरस सेंटिमीटर येतात. हे क्षेत्रफळ मोठ्या माणसाच्या पंजाएवढे आहे. भरधाव मोटार रस्त्याला धरून राहते ती अशा केवळ चार पंजांनी. वळणे, थांबणे, सावरणे, सर्व काही या चार पंजांवर अवलंबून असते.

हवा कमी झाली की टेकण वाढते. तसे होताना टायरच्या भिंती अधिक वाकतात, आणि धोका याच वाकण्यात दडलेला असतो. त्याचा विचार चौथ्या भागात येईल.

२. योग्य आकडा कोठे वाचावा?

टायरच्या बाजूवर पुष्कळ अक्षरे व आकडे कोरलेले असतात. समजा, टायरवर "१६५/८० आर १४ ८५ टी" असे आहे. याचा अर्थ टायरची रुंदी १६५ मिलिमीटर, भिंतीची उंची त्या रुंदीच्या ८० टक्के, बांधणी रेडियल आणि रिमचा व्यास १४ इंच. पुढील ८५ हा भाराचा निर्देशांक आहे. त्याचा अर्थ त्या टायरने योग्य दाबावर जास्तीत जास्त ५१५ किलोग्रॅम भार पेलावा. 'टी' हे अक्षर ताशी १९० किलोमीटर ही वेगमर्यादा दर्शविते. याशिवाय चार अंकांची एक संख्या असते. ती २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या २३ व्या आठवड्यात तयार झाला असे समजावे.

पुष्कळ टायरांवर कमाल भार व कमाल दाबही कोरलेला असतो. अनेकजण हा कमाल दाब म्हणजेच भरावयाची हवा असे समजतात. वस्तुतः ती टायरची मर्यादा आहे. पुलावर "कमाल भार" अशी पाटी असते, म्हणून प्रत्येक गाडीने तेवढा माल भरावा असे आपण म्हणत नाही. येथेही तसेच आहे. एकच टायर हलक्या मोटारीला बसतो आणि जड मोटारीलाही बसतो. त्या दोहोंत किती हवा असावी हे टायर बनविणाऱ्याला कसे ठाऊक असेल? ते वाहन बनविणाऱ्याला ठाऊक असते. कारण वजन पुढे किती, मागे किती, गाडीचा तोल कसा, वेग किती, हे सर्व पाहून त्याने दाब ठरविलेला असतो.

म्हणून योग्य आकडा वाहनाच्या पाटीवर वाचावा. मोटारीत ती बहुधा चालकाच्या दरवाज्याच्या चौकटीवर, काही गाड्यांत इंधनाच्या झाकणाच्या आतील बाजूस असते. मोटारसायकलीत ती साखळीच्या आवरणावर किंवा मागील चाकाजवळच्या दांड्यावर चिकटविलेली असते. पाटी पुसली गेली असल्यास वाहनासोबत मिळालेल्या पुस्तिकेत हे आकडे असतात. वाहनाला मूळ मापापेक्षा वेगळ्या मापाचे टायर बसविले असतील तर मात्र पाटीचा आकडा जसाच्या तसा लागू पडत नाही. अशा वेळी टायर कंपनीच्या भार-दाबाच्या तक्त्यावरून आकडा ठरवून घ्यावा. मूळ मापच ठेवणे हा त्याहून सोपा व सुरक्षित मार्ग होय.

३. भार बदलला की दाब बदलतो

पाटीवर बहुधा दोन ओळी असतात : एक हलक्या भारासाठी, दुसरी पूर्ण भारासाठी. ही दुसरी ओळ क्वचितच कोणी वाचतो. सुट्टीच्या प्रवासाला मात्र तीच लागू असते.

एक जीप घेऊ. ती रिकामी असताना पुढील दोन चाकांवर मिळून ८५० व मागील दोन चाकांवर मिळून ७५० किलोग्रॅम भार आहे असे मानू. आता तीत आठ माणसे बसली, टपावर पेट्या व पोती चढली, आणि एकंदर ६०० किलोग्रॅमची भर पडली. माणसे व सामान यांचा बहुतेक भाग मागील बाजूस असतो. समजा, १५० किलोग्रॅम पुढे गेले व ४५० मागे. पुढच्या प्रत्येक चाकावरील भार ४२५ वरून ५०० वर गेला, म्हणजे वाढ थोडीच झाली. मागच्या प्रत्येक चाकावरील भार मात्र ३७५ वरून ६०० किलोग्रॅमवर गेला. ही वाढ ६० टक्के आहे.

मागील चाकांत ३० पी.एस.आय., म्हणजे सुमारे २.१ किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर हवा असेल, तर टेकण आधी १७९ चौरस सेंटिमीटर होते ते २८६ चौरस सेंटिमीटर होईल. टायर पसरेल, भिंती फुगून बाहेर येतील व प्रत्येक फेऱ्याला अधिक दुमडतील. आता समजा, पाटीवर पूर्ण भारासाठी मागील चाकांना ४० पी.एस.आय. सांगितले आहे. हा दाब म्हणजे सुमारे २.८ किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर. टेकण २१४ चौरस सेंटिमीटर राहील. भार ६० टक्क्यांनी वाढला तरी टेकण २० टक्क्यांनीच वाढले. पाटीवरील दुसऱ्या ओळीत मागच्या चाकांचा आकडा पुढच्यांपेक्षा बराच अधिक का असतो, याचे उत्तर या हिशेबात आहे.

मोटारसायकलीलाही हेच लागू पडते. मागे कोणी बसले की त्याचे वजन जवळजवळ सगळे मागील चाकावर येते. म्हणून पाटीवर मागील चाकाचे दोन आकडे असतात, एकट्यासाठी व दोघांसाठी. मुलगा, त्याची पेटी आणि धान्याची पिशवी घेऊन निघालेल्या पालकाने दुसरा आकडा पाहावा. परंतु हवा वाढविल्याने वाहनाची भारमर्यादा वाढत नाही, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे. सहा जणांच्या गाडीत बारा जण बसविले तर त्यावर कोणत्याही दाबाचा उपाय चालत नाही.

ऊसतोडीच्या हंगामात टायरच्या बैलगाड्या चालतात. तेथे इंजिनाच्या जागी बैल असतात. हवा कमी असलेला टायर ओढावयास जड जातो, कारण टायर वाकविण्यात खर्च होणारी शक्ती कोणाला तरी पुरवावीच लागते. मोटारीत ती इंधनातून जाते, गाडीत ती बैलांच्या खांद्यावरून जाते. मोटारीचा हिशेब अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने दिला आहे : चारही टायरांचा सरासरी दाब १ पी.एस.आय.ने घटला की इंधनाची कार्यक्षमता सुमारे ०.२ टक्क्यांनी घटते. बैल मात्र हिशेब देत नाहीत. ते धापा टाकतात.

४. उष्णता आणि 'थंड' टायर

आता तिसऱ्या उत्तराकडे वळू. उन्हाळ्यात हवा प्रसरण पावते, म्हणून आधीच थोडी कमी भरावी, हा समज महाराष्ट्रात सर्वत्र आढळतो. त्यातील पहिले अर्धे विधान खरे आहे. बंदिस्त वायूचे आकारमान स्थिर असेल तर त्याचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतो. मात्र गणित करताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. तापमान केल्विनमध्ये घ्यावे, म्हणजे सेल्सिअसमध्ये २७३ मिळवावेत; आणि दाबमापक वातावरणापेक्षा जास्तीचा दाब दाखवितो, म्हणून त्यात वातावरणाचा १४.७ पी.एस.आय. दाब मिळवावा.

सकाळी २७ अंश सेल्सिअसला टायरमध्ये ३२ पी.एस.आय. हवा आहे. एकूण दाब ४६.७ व तापमान ३०० केल्विन. गाडी धावून टायरमधील हवा ५७ अंशांवर, म्हणजे ३३० केल्विनवर गेली. तापमान दहा टक्क्यांनी वाढले, म्हणून एकूण दाबही दहा टक्क्यांनी वाढून ५१.४ झाला. त्यातून १४.७ वजा करता दाबमापक ३६.७ दाखवील. ही पावणेपाच पी.एस.आय.ची वाढ अपेक्षित असते. पाटीवरील आकडा ठरविताना ती गृहीत धरलेलीच असते, आणि सुस्थितीतील टायर ती सहज सोसतो.

आता चालकाने ढाब्यावर थांबून ही 'फुगलेली' हवा काढून ३२ वर आणली असे समजा. टायर पुन्हा २७ अंशांवर आला की एकूण दाब ४६.७ भागिले १.१, म्हणजे ४२.५ होईल व दाबमापक २७.८ दाखवील. सव्वाचार पी.एस.आय. हवा हकनाक गेली. पुढचा प्रवास कमी हवेवर होईल.

कमी हवेवर नेमके काय घडते? एका सर्वसाधारण टायरचा परीघ सुमारे २ मीटर असतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने तो तासाला ४०,००० फेरे घेतो. प्रत्येक फेऱ्यात टायरचा प्रत्येक भाग एकदा जमिनीशी येऊन वाकतो व पुन्हा सरळ होतो. तार वारंवार वाकविली की ती गरम होते, हा प्रयोग विद्यार्थ्यांनी केलेला आहे. रबराचेही तसेच. हवा कमी तर वाकणे अधिक, वाकणे अधिक तर उष्णता अधिक. बाहेर वैशाखाचे ऊन, खाली तापलेला काँक्रीटचा रस्ता, गाडीत पूर्ण भार आणि वेग मोठा असेल तर ही उष्णता बाहेर पडण्यास वावच राहत नाही. रबर व पोलादी तारांचे थर एकमेकांपासून सुटू लागतात आणि अखेरीस वरची नक्षीची पट्टी सोलून निघते किंवा भिंत फाटते. लोक म्हणतात, "हवा फुगून टायर फुटला." सुस्थितीतील टायरच्या बाबतीत बहुधा उलटे घडलेले असते : हवा कमी होती म्हणून टायर तापला, तापला म्हणून कमकुवत झाला, आणि कमकुवत झाला म्हणून फुटला. उन्हाळ्यात कमी हवा ठेवणारा चालक ज्या संकटाला भितो, त्यालाच आमंत्रण देतो.

मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर लांबीचा असून तेथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे. गावच्या रस्त्यावर ४०-५० च्या वेगाने वर्षानुवर्षे निभावलेला कमी हवेचा, झिजलेला टायर अशा रस्त्यावर तासाभरात उघडा पडतो. तेव्हा टायर पाहूनच त्या रस्त्याला लागावे.

'थंड' टायर म्हणजे गाडी किमान तीन तास उभी आहे, किंवा सावकाश दोन किलोमीटरपेक्षा कमी चालली आहे, अशा स्थितीतील टायर. पाटीवरील आकडे याच स्थितीचे असतात. म्हणून हवा सकाळी, ऊन चढण्यापूर्वी तपासावी.

हिवाळ्याचाही एक धोका आहे आणि तो कोणाच्या ध्यानात येत नाही. टायरच्या रबरातून हवा अगदी हळूहळू झिरपत असते. महिन्याला सुमारे १ पी.एस.आय. घट होते असे धरावे. मे महिन्यात सकाळी ३० अंशांवर ३२ पी.एस.आय. हवा भरली व पुढे कोणी पाहिलेच नाही. नोव्हेंबरच्या पहाटे तापमान १५ अंश झाले. केवळ थंडीमुळे दाब २९.७ वर येईल. सहा महिन्यांची झीज सुमारे ६ धरली की उरतात २४. कोठेही पंक्चर नाही, टायर डोळ्यांना ठीक दिसतो, आणि तरीही एक चतुर्थांश हवा गेलेली आहे. दिवाळीच्या सुट्टीची गाडी नेमकी याच दिवसांत भरून निघते.

५. सव्वीस की तीस?

या विषयातील सर्वांत मोठा धडा अमेरिकेत मिळाला. तेथे १९९० च्या दशकात फोर्ड कंपनीची एक्सप्लोरर ही उंच बांधणीची गाडी फार खपत होती. तिला फायरस्टोन कंपनीचे टायर होते. फोर्डने या गाडीसाठी २६ पी.एस.आय. दाब सुचविला होता. टेक्सास, फ्लोरिडा, ॲरिझोना अशा उष्ण राज्यांत या गाड्यांच्या टायरांची वरची पट्टी सुटून गाड्या उलटू लागल्या व दोनशेहून अधिक माणसे मृत्यू पावली. ऑगस्ट २००० मध्ये सुमारे ६५ लाख टायर परत मागविण्यात आले. टायर कंपनीने पुढे ३० पी.एस.आय. दाब ठेवण्यास सांगितले, आणि दोष टायरचा की गाडीचा, यावरून दोन्ही कंपन्यांत मोठा वाद झाला.

दोष एकट्या हवेचा होता असे आम्ही म्हणत नाही. टायरच्या रचनेतील उणिवाही सरकारी चौकशीत पुढे आल्या. परंतु दाबाच्या आकड्याचे महत्त्व या प्रकरणातून स्पष्ट होते. कमी दाबामुळे गाडी मऊ चालते. पण सुरुवातच २६ वर झाली तर चार-पाच पी.एस.आय. झिरपून जाताच टायर धोक्याच्या हद्दीत येतो. ३० वर सुरुवात झाली तर तेवढी शिल्लक हाताशी राहते. या घटनेनंतर त्याच वर्षी अमेरिकेने कायदा केला. त्यानुसार पुढे प्रत्येक नव्या हलक्या वाहनात टायरचा दाब सांगणारी यंत्रणा सक्तीची झाली. दाब पाटीच्या आकड्यापेक्षा २५ टक्क्यांनी घटला की चालकासमोर दिवा लागला पाहिजे, असा नियम आहे. वरच्या उदाहरणातील ३२ चे २४ म्हणजे नेमकी हीच घट. आपल्याकडील बहुसंख्य जुन्या वाहनांत असा दिवा नाही. त्याचे काम चालकाने व पालकांनी करावयाचे आहे.

६. मग अधिक हवा भरावी काय?

कमी हवा वाईट म्हणून जास्त हवा चांगली, असा निष्कर्ष काढू नये. दाब वाढला की टेकण लहान होते. टायर मध्यभागीच टेकतो, रस्त्यावरील पकड घटते, थांबण्याचे अंतर वाढते आणि ताठ झालेला टायर खड्ड्याच्या कडेने लवकर चिरतो. प्रवाशांना बसणारे धक्केही वाढतात.

ओल्या रस्त्यावर मात्र कमी हवेचा आणखी एक तोटा दिसतो. साचलेल्या पाण्यातून वेगाने जाताना टायर पाणी बाजूला सारू शकला नाही तर तो पाण्यावर तरंगू लागतो व सुकाणू निरुपयोगी होते. अमेरिकेच्या नासा संस्थेतील संशोधकांनी १९६० च्या दशकात धावपट्टीवरील विमानांच्या चाकांसाठी असे सूत्र दिले की हा वेग दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. त्या सूत्राने ३६ पी.एस.आय.ला ताशी १०० किलोमीटर, तर २५ पी.एस.आय.ला ताशी ८३ किलोमीटर वेग येतो. मोटारीच्या टायरची नक्षी व पाण्याची खोली यांनुसार हे आकडे बदलतात, तरी दाब घटला की घसरण लवकर येते हे तत्त्व कायम राहते. नक्षी झिजली असेल तर धोका याहून वाढतो. आपल्या नियमांनुसार मोटारीच्या नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर व दुचाकीची ०.८ मिलिमीटर हवी.

पूर्वी दाब कसा होता हे टायरची झीजच सांगते. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहिली. मध्यभाग झिजला असेल तर जास्त राहिली. एकच कड झिजली असेल तर हवेचा दोष नसून चाकांची जुळणी बिघडली आहे.

नायट्रोजनविषयी विद्यार्थी नेहमी विचारतात. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजन कोरडा असतो व थोडा सावकाश झिरपतो, एवढाच लाभ. तापमानाचा नियम त्यालाही तोच लागू आहे, म्हणून तपासणीतून सुटका होत नाही.

७. प्रत्यक्ष कृती

लांबच्या प्रवासापूर्वी व एरवी पंधरा दिवसांतून एकदा पुढील क्रमाने तपासणी करावी.

(१) वाहनाची पाटी वाचून पुढील व मागील चाकांचे दोन्ही आकडे वहीत लिहून ठेवावेत.

(२) आजचा भार कोणत्या ओळीत बसतो ते ठरवावे.

(३) सकाळी, टायर थंड असताना हवा मोजावी. स्वतःचे लहान दाबमापक जवळ ठेवणे उत्तम. निरनिराळ्या पंपांवरील मापके एकसारखी दाखवितीलच असे नाही.

(४) पेट्रोल पंपावर "किती ठेवू?" असे विचारले असता "तीस-बत्तीस टाका" असे न म्हणता पुढचा व मागचा आकडा वेगवेगळा सांगावा व भरल्यावर स्वतः पाहावा.

(५) पंपापर्यंत जाताना टायर तापला असेल तर त्यातील हवा कधीही काढू नये. तापलेला टायर पाटीच्या थंड आकड्याहून कमी दाखवीत असेल तर हवा निश्चितच कमी आहे; ती लगेच भरावी व दुसऱ्या सकाळी पुन्हा मोजावी.

(६) एकाच आसावरील दोन टायरांत फरक आढळला तर कमी असलेल्या टायरमध्ये खिळा, व्हॉल्व्हची गळती किंवा रिमचा दोष शोधावा. व्हॉल्व्हवर साबणाचे पाणी लावले की बुडबुडे दिसतात. व्हॉल्व्हची टोपी हरवू देऊ नये.

(७) स्टेपनीची हवा पाहावी. गरज पडते तेव्हाच ती रिकामी सापडते, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

बस व ट्रक यांच्या मागे जोडटायर असतात. त्यांतील आतल्या टायरचा व्हॉल्व्ह हाताला सहज लागत नाही, म्हणून तो तपासणीतून सुटतो. तो बसला की बाहेरचा टायर दोघांचा भार एकटा वाहतो व तापतो. शाळेची बस तपासताना आतल्या टायरपासून सुरुवात करावी. या टायरांतील दाब मोटारीच्या तिप्पट असू शकतो. तेव्हा हवा भरली जात असताना विद्यार्थ्यांनी टायरच्या समोर उभे राहू नये. पूर्ण बसलेला मोठा टायर तर जाणकार कारागिराकडूनच भरून घ्यावा.

८. स्वाध्याय

(१) सायकलीच्या मागील चाकाखाली कोरा कागद ठेवा. एका विद्यार्थ्याला सायकलीवर स्थिर बसवा व चाकाभोवती चारही बाजूंनी कागदाच्या पट्ट्या आत जातील तेवढ्या सरकवा. मधल्या मोकळ्या भागाचे क्षेत्रफळ मोजा. हवा कमी करून पुन्हा मोजा. दोन्ही उत्तरांची तुलना पहिल्या भागातील सूत्राशी करा.

(२) १२ अंश सेल्सिअसला एका टायरमध्ये ३५ पी.एस.आय. हवा आहे. ४० अंशांवर दाबमापक किती दाखवील? (उत्तर : सुमारे ३९.९)

(३) महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंच आहे. तेथे वातावरणाचा दाब सुमारे २.२ पी.एस.आय.ने कमी असतो. मुंबईहून निघालेल्या गाडीच्या टायरचे तापमान तेच राहिले, तर तेथे दाबमापक जास्त दाखवील की कमी? कारण द्या. (सूचना : दाबमापक कोणत्या दोन दाबांतील फरक दाखवितो ते आठवा.)

(४) आपल्या घरी किंवा शेजारी असलेल्या एका वाहनाची पाटी शोधा, आकडे उतरवून घ्या, सकाळी प्रत्यक्ष हवा मोजा आणि दोहोंतील फरक वाहनमालकास सांगा.

यांतील चौथा प्रश्न प्रत्येक विद्यार्थ्याने दिवाळीच्या सुट्टीत सोडवावा, अशी आमची अपेक्षा आहे. त्याला दाबमापकाव्यतिरिक्त कोणतेही साहित्य लागत नाही आणि वेळ पाच मिनिटांहून अधिक लागत नाही. एका वर्गातील चाळीस विद्यार्थ्यांनी चाळीस वाहने तपासली, त्यांतील दोन-तीन टायर कमी हवेचे निघाले व वेळेत भरले गेले, तर या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू. सुट्टी संपवून परत येताना प्रत्येकाने आपल्या वहीत आकड्यांच्या दोन ओळी आणाव्यात : पाटीवर काय होते, आणि चाकात काय सापडले.